‘जय भीम, खूप छान!’च्या पुढे : आपल्या तरुणांच्या ॲनिमेशनपटावर अभिप्राय कसा द्यावा?

ॲनिमेशनपट बनवायला आता मोठा स्टुडिओ लागत नाही. बरा संगणक, ब्लेंडरसारखे मोफत सॉफ्टवेअर आणि चिकाटी असली की पालघरच्या चाळीत किंवा बोईसरच्या भाड्याच्या खोलीतही तीन-चार मिनिटांचा चित्रपट तयार होऊ शकतो. आपली मुले-मुली हे करू लागली आहेत, ही आनंदाची बाब आहे. पण असा चित्रपट विहारात, जयंतीच्या कार्यक्रमात किंवा व्हॉट्सॲपच्या गटात दाखवला की आपल्याकडून मिळणारी प्रतिक्रिया बहुधा दोनच प्रकारची असते. एक, ‘जय भीम, खूप छान, असेच पुढे जा!’ दुसरी, ‘बाबासाहेबांचा चष्मा चुकला, हे कोणी बनवले?’ पहिल्या प्रतिक्रियेतून बनवणाऱ्याला काही शिकता येत नाही, आणि दुसरीनंतर तो पुन्हा पेन्सिल उचलत नाही.

सामाजिक कामाच्या निमित्ताने तरुणांच्या गटांत वावरताना आम्हाला जाणवते की प्रश्न फक्त कलेचा नाही. आपल्या समाजाची गोष्ट कोण सांगणार, आणि ती इतकी चांगली सांगितली जाईल का की परक्यालाही ऐकावी लागेल, हा प्रश्न आहे. मुंबईत 1990पासून माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतो. तिथला परीक्षक ‘आपल्या पोराने केलंय’ म्हणून टाळ्या वाजवत नाही. म्हणून चित्रपटातला कच्चा दुवा त्याच्याआधी आपण प्रेमाने दाखवून दिला पाहिजे.

आपल्याला हे अवघड का जाते?

याची दोन कारणे आम्हाला दिसतात. पहिले असे की, ‘तुम्हाला हे जमणार नाही’ हे वाक्य आपल्या समाजाने पिढ्यान् पिढ्या ऐकले आहे. शाळेत, कार्यालयात, मुलाखतीत. त्यामुळे साधी सूचनाही त्याच जुन्या आवाजात कानावर पडते आणि अपमान वाटते. दुसरे कारण पहिल्याचीच उलटी बाजू आहे. अपमान होऊ नये म्हणून आपण फक्त कौतुक करतो. पण सहानुभूतीपोटी केलेले कौतुक हेही एक प्रकारे ‘यापेक्षा जास्त तुम्हाला जमणार नाही’ असेच सांगणे असते.

बाबासाहेबांनी स्वतःच्या लेखनाबाबत काय केले, हे पाहण्यासारखे आहे. ‘द बुद्धा अँड हिज धम्मा’ हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर 1957 साली प्रकाशित झाला. पण त्याआधीच त्यांनी मसुद्याच्या मोजक्या प्रती ‘द बुद्धा अँड हिज गॉस्पेल’ या नावाने छापून जाणकारांना मत देण्यासाठी पाठवल्या होत्या. एवढा मोठा विद्वान आपला मसुदा दुसऱ्यांच्या हाती देतो, तर आपल्या चित्रपटाचा मसुदा दाखवण्यात कमीपणा कसला?

एक जुना ॲनिमेशनपट आणि एक ‘पाळी’

आपल्या राज्याचा ॲनिमेशनशी संबंध जुना आहे. दादासाहेब फाळके यांनी 1915च्या सुमारास आगकाड्या एकेक करून हलवत ‘आगकाड्यांची मौज’ बनवला. पुण्याच्या प्रभात कंपनीने 1934 साली ‘जंबू काका’ हा कोल्ह्याचा व्यंगचित्रपट काढला. पुढे 1956 साली डिस्नेच्या स्टुडिओत ‘बॅम्बी’सारख्या चित्रपटांवर काम केलेले क्लेअर वीक्स मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये भारतीय चित्रकारांना शिकवायला आले. त्या कार्टून विभागातून 1957 साली ‘द बनियन डियर’ हा चित्रपट बाहेर पडला. त्याची कथा जातकातली होती, निग्रोधमृगाची. ज्या काळात नागपूरला धम्मदीक्षा झाली, त्याच काळात मुंबईत ही बौद्ध कथा चित्रामागून चित्र काढून जिवंत केली जात होती.

कथा अनेकांना माहीत असेल. वाराणसीचा राजा रोज शिकार करतो. हरणांचे दोन कळप ठरवतात की रोज एकाने पाळीपाळीने मरणाला सामोरे जायचे, म्हणजे बाकीच्यांची धावपळ आणि जखमा वाचतील. एके दिवशी एका गाभण हरिणीची पाळी येते. तिच्या कळपाचा नायक नियम बदलायला नकार देतो. निग्रोध मात्र तिच्या जागी स्वतः जाऊन उभा राहतो. राजाचे मन बदलते आणि तो सगळ्याच प्राण्यांना अभय देतो.

आता समजा, बोईसरमधल्या एखाद्या मुलीने हीच कथा घेतली. जंगलाच्या जागी तारापूर एमआयडीसी, हरणांच्या जागी कंत्राटी कामगार आणि मरणाच्या पाळीच्या जागी कारखान्यातली पाळी. मराठीत शब्दही एकच आहे. रात्रपाळीला एका गरोदर कामगार स्त्रीचे नाव लागते आणि गोष्ट सुरू होते. चित्रपट चार मिनिटांचा. हे उदाहरण आम्ही कल्पनेने घेतले आहे, पण तारापूरच्या रासायनिक कारखान्यांतले स्फोट, आगी आणि वायुगळती ज्यांनी जवळून पाहिल्या आहेत त्यांना ते परके वाटणार नाही. या चित्रपटावर आपण कसे बोलू? पुढचे सगळे मुद्दे याच उदाहरणावर घासून पाहू.

आधी वेळ, मग मत

पडद्यावर हालचाल गुळगुळीत दिसण्यासाठी चित्रपटात एका सेकंदाला 24 चौकटी लागतात. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये बहुतेक वेळा एक चित्र दोन चौकटींसाठी वापरतात, म्हणजे सेकंदाला 12 चित्रे. चार मिनिटांचे 240 सेकंद, म्हणजे 2880 चित्रे. एका चित्राला दहा मिनिटे धरली तरी 480 तास होतात. नोकरी करून रोज दोन तास काढणाऱ्या मुलीला त्यासाठी 240 दिवस, म्हणजे आठ महिने लागतील. स्थिर दृश्ये ठेवून किंवा कापलेल्या आकृत्या सरकवून हे काम कमी करता येते, पण तरीही ते थोडे नसते.

म्हणून चित्रपट पूर्ण झाल्यावर ‘शेवट बदला’ म्हणणे म्हणजे तिचे दोन महिने मागणे. त्यापेक्षा दोन टप्प्यांवर अभिप्राय द्यावा. पहिला टप्पा स्टोरीबोर्डचा, म्हणजे कथा चौकटी-चौकटींत कच्च्या रेखाटनांनी मांडलेली असते तेव्हाचा. दुसरा ॲनिमॅटिकचा, म्हणजे तीच रेखाटने ठरलेल्या वेळेप्रमाणे आवाजासह एकामागून एक लावलेली असतात तेव्हाचा. या वेळी एखादे दृश्य काढून टाकायला पाच मिनिटे लागतात. कथा, क्रम आणि लांबी यांबद्दल जे बोलायचे ते इथेच बोलावे. रंग, आवाज, उपशीर्षके यांबद्दल शेवटच्या टप्प्यातही बोलता येते.

म्हणून कार्यकर्त्यांनी पहिला प्रश्न विचारावा तो हा : ‘काम कोणत्या टप्प्यावर आहे आणि तुला आत्ता कशाबद्दल ऐकायचे आहे?’

पवारणेकडून शिकण्यासारखे

परखड पण मैत्रीपूर्ण अभिप्रायाची पद्धत आपल्याला बाहेरून आणावी लागणार नाही. वर्षावास संपताना भिक्खुसंघात पवारणा होते. प्रत्येक भिक्खू संघाला विनंती करतो की माझ्याकडून काही दोष घडलेला तुम्ही पाहिला असेल, ऐकला असेल किंवा तुम्हाला तशी शंका असेल, तर करुणेने मला सांगा. या एका विधीतून तीन गोष्टी शिकता येतात.

पहिली गोष्ट, निमंत्रण. ज्याच्याबद्दल बोलायचे आहे तोच बोलावतो. चित्रपट बनवणाऱ्याने मागितल्याशिवाय सर्वांसमोर चिरफाड करू नये. मागितल्यावर मात्र मोकळेपणाने बोलावे.

दुसरी गोष्ट, क्रम. पवारणेची सुरुवात ज्येष्ठ भिक्खू करतो. आपल्याकडे उलटे घडते. ज्येष्ठ कार्यकर्ते माईक घेऊन तरुणांच्या चुका सांगतात आणि स्वतःच्या कार्यक्रमाबद्दल कोणाला विचारत नाहीत. मंडळाच्या अध्यक्षांनी आधी विचारावे, ‘यंदाच्या जयंतीत आमचे काय चुकले?’ आणि तरुणांचे उत्तर शांतपणे ऐकून घ्यावे. तसे झाले की त्यांच्या सूचनेलाही वजन येते.

तिसरी गोष्ट सर्वात उपयोगाची. पाहिलेले, ऐकलेले आणि शंका, हे तीन प्रकार वेगळे ठेवले आहेत. चित्रपटाबद्दल बोलतानाही ते वेगळे ठेवावेत. ‘दुसऱ्या मिनिटाला कामगार स्त्रीचा चेहरा दिसत नाही’ हे पाहिलेले झाले. ‘ती पोरगी अमक्या गटाची आहे म्हणे’ हे ऐकलेले, आणि त्याचा चित्रपटाशी काही संबंध नाही. ‘ठेकेदाराला मुद्दाम चांगला दाखवलाय’ ही शंका. शंका मांडू नये असे नाही, पण ती शंका म्हणूनच, प्रश्नाच्या रूपात मांडावी : ‘ठेकेदार शेवटी पाणी देतो, त्यातून तुला काय सुचवायचे आहे?’

तथागतांनी दुसऱ्याचा दोष सांगण्याआधी पाच गोष्टी तपासायला सांगितल्या आहेत. वेळ योग्य आहे का, बोलणे खरे आहे का, सौम्य आहे का, समोरच्याच्या हिताचे आहे का आणि मनात मैत्री आहे का. व्हॉट्सॲपवर बोटे चालवण्याआधी या पाचांपैकी किती जमतात, एवढे मोजले तरी निम्मे संदेश पाठवायचे राहतील.

चार पायऱ्यांची बैठक

अमेरिकेतल्या नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी 1990च्या सुमारास कलाकृतीवर अभिप्राय देण्याची एक चार पायऱ्यांची पद्धत बसवली. आज ती अनेक देशांत वापरली जाते. आपल्या विहारातल्या बैठकीलाही ती सहज जुळते. आम्ही तिच्या पायऱ्या आपल्या उदाहरणावर लावून दाखवतो.

*पहिली पायरी : काय पोचले ते सांगणे.* प्रत्येकाने एकच वाक्य. ‘पाळीच्या यादीवर तिचे नाव आले तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.’ ‘भोंग्याचा आवाज आणि हरणाचे कान टवकारणे एकदम आले, ते लक्षात राहिले.’ इथे ‘छान’ हा शब्द वापरायचा नाही. काय छान, हे सांगायचे. बनवणाऱ्याला कळते की कुठला भाग हलवायचा नाही.

*दुसरी पायरी : बनवणारी विचारते.* ‘हरीण आणि कामगार एकच आहेत, हे तुम्हाला कधी कळले?’ उत्तरे खरी द्यावीत. कोणी म्हणेल, ‘पहिले मिनिटभर नाही कळले, हरणाच्या गळ्यात ओळखपत्र दिसले तेव्हा कळले.’ तेवढ्यावरून ती ओळखपत्र आधी आणेल.

*तिसरी पायरी : आपण विचारतो, पण प्रश्नात मत लपवायचे नाही.* ‘राजा एवढा फालतू का दाखवलास?’ हा प्रश्न नाही, शेरा आहे. ‘राजा कोण आहे? मालक, ठेकेदार की बाजार?’ हा प्रश्न आहे. कदाचित तिनेच अजून ठरवलेले नसेल. मग हा एक प्रश्न दहा सूचनांचे काम करतो.

*चौथी पायरी : परवानगी घेऊन मत.* ‘शेवटाबद्दल माझे एक मत आहे, सांगू का?’ ती हो म्हणाली तर सांगावे. ‘जातकात राजाचे मन बदलते. तुझ्या चित्रपटात मालकाचे मन एका रात्रीत बदलते, ते मला पटले नाही. इथे कामगार एकत्र आले तरच काही बदलते, असा माझा अनुभव आहे.’ हे मत कडक आहे, पण त्यात जागा, कारण आणि अनुभव तिन्ही आहेत.

शेवटचा निर्णय तिचा. अमेरिकेतल्या पिक्सार स्टुडिओत दिग्दर्शकांचा एक गट एकमेकांच्या अपुऱ्या चित्रपटांवर परखड बोलतो, पण त्या गटाला हुकूम देण्याचा अधिकार नसतो. अडचण दाखवणे हे गटाचे काम, उपाय शोधणे हे दिग्दर्शकाचे. समितीने लिहिलेला शेवट कुणाचाच राहत नाही.

जिथे मत नव्हे, माहिती लागते

काही गोष्टी आवडीनिवडीच्या नसतात. त्या चूक किंवा बरोबर असतात आणि तिथे गुळमुळीत बोलू नये. महाडचा सत्याग्रह 20 मार्च 1927चा आहे. पडद्यावर दुसरी तारीख आली तर ती बदलायलाच हवी. कारखान्याच्या दृश्यात पाळी आठ तासांची की बारा, हातमोजे कोणाला मिळतात आणि कोणाला नाहीत, हे तिथे राबणारा माणूस सांगू शकतो. म्हणून बैठकीत निदान दोन कामगार आणि एक कामगार स्त्री असावी. त्यांना ॲनिमेशन कळत नसेल, पण चित्रपट खोटा कुठे पडतो हे त्यांनाच आधी कळेल.

फिल्म्स डिव्हिजनच्या त्याच कार्टून विभागात घडलेले राम मोहन यांनी पुढे युनिसेफसाठी ‘मीना’ या मुलीचे चित्रण केले. तिचे रूप, कपडे आणि गोष्टी भारत, बांगलादेश, नेपाळ आणि पाकिस्तानातल्या मुलांना व पालकांना दाखवून, त्यांचे ऐकून ठरवल्या गेल्या. मीना चार देशांत आपली वाटली, त्यात या ऐकण्याचा मोठा वाटा आहे.

पालघरमध्ये आणखी एक मुद्दा हमखास येतो, तो वारली चित्रशैलीचा. दोन त्रिकोणांची माणसे ॲनिमेशनला सोपी वाटतात म्हणून अनेकांना ती वापराविशी वाटतात. पण गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने रेखलेला लग्नाचा चौक ही नुसती सजावट नाही. त्यात पालघट देवी असते, तो सवाशिणी लिहितात. तारपा नाचात नाचणारे तारपेकऱ्याकडे पाठ करत नाहीत. पडद्यावर ते उलटे फिरले तर वारली माणसाला लगेच खटकेल. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ही कला जगभर नेली, त्यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या मुलुखात राहून आपण ही शैली न विचारता, श्रेय न देता वापरली, तर आपली गोष्ट दुसरे कोणी चुकीची सांगते तेव्हा तक्रार कोणत्या तोंडाने करणार? अभिप्राय देणाऱ्याने इथे स्पष्ट विचारावे : ‘वारली चित्रकाराला दाखवलेस का? नामावलीत त्याचे नाव आहे का?’

श्रद्धेचे प्रश्न

बुद्ध किंवा बाबासाहेब पडद्यावर आले की चर्चा तापते. ‘चेहरा नीट नाही’ हे वाक्य हमखास येते. इथेही तक्रारीऐवजी पर्याय द्यावा. सांचीच्या सुरुवातीच्या काळातील शिल्पांत बुद्धांचा चेहराच नाही. बोधिवृक्ष, रिकामे आसन, पाऊलखुणा आणि धम्मचक्र यांतून त्यांची उपस्थिती दाखवली आहे. तीन चित्रांत चेहरा बदलत असेल तर ‘चेहऱ्याऐवजी पाऊलखुणा वापरून पाहशील का?’ ही सूचना तिला पुढे नेते.

दुसरा आक्षेप जातकाचा. ‘बाबासाहेबांनी आत्मा नाकारला, आत्म्याचा पुनर्जन्म नाकारला, मग पूर्वजन्माच्या गोष्टी कशाला?’ हा आक्षेप गंभीर आहे, पण तो चित्रपटाच्या कारागिरीवरचा नाही, विचारांवरचा आहे. त्यासाठी वेगळी चर्चा ठेवावी. चित्रपटाच्या बैठकीत एवढेच विचारावे की पूर्वजन्माची चौकट काढून टाकली तर गोष्टीचे काय बिघडते? आमच्या मते फारसे काही बिघडत नाही. पाळी, नकार आणि दुसऱ्यासाठी उभे राहणे एवढे शिल्लक राहते आणि ते पुरेसे आहे.

तिसरा आक्षेप रूपाचा : ‘हे कार्टून वाटते, गंभीर वाटत नाही.’ इथे 2011 साली आलेले ‘भीमायन’ हे चित्रमय पुस्तक आठवावे. परधान गोंड चित्रकार दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांनी बाबासाहेबांचे जीवन चौकोनी खणांत कोंबायला नकार दिला आणि पाने आपल्या पद्धतीने मोकळी ठेवली. त्यांनी संवादांचे फुगेही वेगळे केले. सौम्य बोलणे पक्ष्याच्या आकारात आणि जातीयवादी बोलणे विंचवाच्या नांगीसह. प्रकाशकांनी नेहमीच्या कॉमिकचा हट्ट धरला असता तर हे सुचलेच नसते. आपल्या सवयीपेक्षा वेगळे दिसले म्हणून ते चूक ठरवू नये. आणि बोलताना स्वतःलाही विचारावे की आपल्या वाक्याचा फुगा पक्ष्याचा आहे की विंचवाचा.

ऐकणाऱ्याचेही काही काम आहे

बनवणाऱ्याने बैठकीत लगेच बचाव करू नये. वहीत तीन रकाने करावेत : ‘बदलणार’, ‘विचार करणार’, ‘ठेवणार’. तीन वेगवेगळ्या माणसांनी एकाच जागी अडखळल्याचे सांगितले, तर त्यांचे उपाय वेगळे असले तरी अडचण खरी आहे असे समजावे. एकाच माणसाचे मत असेल तर ते ‘विचार करणार’मध्ये टाकावे.

आपल्याच जिल्ह्यातल्या सोपाऱ्याशी परंपरेने जोडलेले पूर्ण भिक्खू इथे आठवतात. लोक शिव्या देतील तर काय करशील, असे तथागतांनी त्यांना विचारले. मारत नाहीत एवढे तरी चांगले आहेत असे मी समजेन, असे त्यांचे उत्तर होते आणि प्रश्न वाढत गेले तरी त्यांची शांती ढळली नाही. पण या कथेचा आधार घेऊन कोणी तरुणांना टोचून बोलू नये. सहनशीलता ही ऐकणाऱ्याची साधना आहे, बोलणाऱ्याला दिलेला परवाना नव्हे. जातीवरून, बाईपणावरून किंवा पोटजातीवरून शेरा आला तर बैठक चालवणाऱ्याने तो तिथेच थांबवावा.

एवढे करता येईल

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो. त्या आठवड्यात पालघर, बोईसर, सफाळे, डहाणू इथल्या विहारांनी एक संध्याकाळ ठेवावी. दहा-पंधरा माणसे, एक प्रोजेक्टर आणि एक अपुरा चित्रपट. बैठक चालवायला एक जण, लिहून घ्यायला एक जण. आधी मंडळाचे ज्येष्ठ आपल्या कामाबद्दल विचारतील, मग चार पायऱ्या. पाळी सुटण्याच्या वेळा पाहून बैठक ठरवावी, म्हणजे कामगारांना येता येईल. सभागृहात आवाज नीट येतो का हे आधी तपासावे, कारण खराब स्पीकरचा दोष चित्रपटावर जातो. महिन्याभराने त्याच लोकांनी बदललेला मसुदा पुन्हा पाहावा. हे दुसऱ्यांदा पाहणे आपण बहुधा विसरतो आणि मग बनवणाऱ्याला वाटते की लोकांना फक्त बोलायचे होते.

1957 साली मुंबईच्या सरकारी स्टुडिओत निग्रोधाची कथा पडद्यावर आली, तेव्हा ती सांगण्याची साधने मोजक्या लोकांच्या हाती होती. आज ती तारापूरच्या कंत्राटी कामगाराच्या मुलीच्या हाती आहेत. तिचे आठ महिने वाया जाऊ न देणे आपल्या हाती आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!